पिंग जातोय, पण पान उघडत नाही: आयपीव्ही६ टनेल शिकताना

नेटवर्किंगमध्ये नव्याने आलेली मुलं-मुली हमखास विचारतात, "आयपीव्ही६ शिकायचंय, पण आमच्या लाइनवर ते येतच नाही. सराव कशावर करायचा?" माझी सुरुवातही अशाच लाइनवर झाली. फक्त आयपीव्ही४, म्हणजे इंटरनेटच्या पत्त्यांची जुनी पद्धत, तेही मोजकं; आयपीव्ही६ ही तिची नवी आवृत्ती. शेवटी एका टनेल ब्रोकरकडे (आयपीव्ही४च्या लाइनवरून आयपीव्ही६ पोहोचवणारी सेवा) खातं उघडलं, राउटरवर टनेल टाकला आणि पुढचे कित्येक आठवडे त्याच्याशी झटापट करत बसले. आजही शिकायचं असेल तर मी हाच रस्ता सांगेन.

तत्त्व साधं आहे. आयपीव्ही६चं अख्खं पॅकेट उचलायचं, त्याच्यापुढे आयपीव्ही४चं २० बाइटचं हेडर लावायचं आणि जुन्या नेटवर्कवर सोडून द्यायचं. मधल्या राउटरांना आत काय आहे याचा पत्ताही लागत नाही. पलीकडच्या टोकाला वरचं हेडर सोलून काढतात आणि आतलं पॅकेट आपल्या वाटेला लागतं. या पद्धतीला सिक्सइनफोर म्हणतात. तिच्यासाठी २००५ चा आरएफसी ४२१३ (इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) वाचा. कोरडा आहे, पण लहान आहे.

कमांड पाठ करण्याआधी मात्र एक काम कराच. टनेलमधून एक पिंग पाठवा, वायरशार्कमध्ये (पॅकेट पकडून दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) पकडा आणि इथरनेटचे १४ बाइट सोडून पुढचे बाइट एकेक करून वाचा. हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) पहिला बाइट ४५ दिसेल: ४ ही आवृत्ती, ५ ही हेडरची लांबी, म्हणजे चार-चार बाइटचे पाच तुकडे. दहाव्या बाइटवर २९ दिसेल. हेक्समधले २९ म्हणजे दशमानात ४१, आणि ४१ म्हणजे "आत आयपीव्ही६ आहे". मग एकविसाव्या बाइटवर ६० येतं, तिथून आतलं पॅकेट सुरू. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा आकृत्या बघून जे डोक्यात शिरत नव्हतं ते एका क्षणात उलगडलं.

हा ४१ पोर्ट नव्हे. फायरवॉलमध्ये टीसीपी पोर्ट ४१ उघडून "तरी चालत नाही" म्हणणारे मी बरेच पाहिलेत. टीसीपीचा प्रोटोकॉल क्रमांक ६, यूडीपीचा १७, त्याच रांगेतला हा ४१. त्याला पोर्टच नसल्यामुळे बरेचसे नॅट (अनेक मशिनना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे ठेवणारी सोय) त्याच्यापाशी अडखळतात. तेव्हा आधी राउटरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल, तर तुम्ही इंटरनेट कंपनीच्या मोठ्या नॅटमागे आहात आणि सिक्सइनफोरवर वेळ घालवण्यात अर्थ नाही.

आता ज्या अडचणीने मला सगळ्यात जास्त शिकवलं ती सांगते. टनेल उभा राहिला, पिंग सुरळीत जात होता, नावंही सापडत होती. काही साइट झटकन उघडायच्या, काही मात्र अर्धवट येऊन नुसत्या फिरत राहायच्या. दोन दिवस मी नावांवरून पत्ते शोधणाऱ्या डीएनएसवर संशय घेतला. चूक दिसली ती कॅप्चरमध्ये. माझं मशिन टीसीपी जोडणीच्या हस्तांदोलनात एमएसएस (एका पॅकेटमध्ये घेता येणारा जास्तीत जास्त मजकूर) १४४० सांगत होतं, म्हणजे इथरनेटच्या १५०० मधून आयपीव्ही६चे ४० आणि टीसीपीचे २० वजा. समोरचा सर्व्हर त्या हिशोबाने १५०० बाइटचं पॅकेट पाठवायचा. पण बाहेरचे २० बाइट धरले, की टनेलमध्ये फक्त १४८० मावतात. आयपीव्ही६मध्ये मधला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही, तो "पॅकेट टू बिग" असा आयसीएमपी निरोप उलट पाठवतो. एका साइटच्या फायरवॉलने सगळं आयसीएमपीच बंद केलं होतं. निरोप पोहोचत नव्हता आणि सर्व्हर तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहिला.

पिंग का जात होता? साधा पिंग जेमतेम १०४ बाइटचा असतो, तो कुठेही मावतो. म्हणून पिंगचा आकार वाढवून, तुकडे करायला मनाई करून बघा. १४३२ बाइटचा मजकूर जायला हवा, १४३३ चा अडायला हवा. इलाज दोन: राउटरवर एमएसएस १४२० ला बांधा, किंवा राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंटमधून घरातल्या मशिनना एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४८० कळवा. लाइन पीपीपीओईची असेल (तिचं स्वतःचं ८ बाइटचं हेडर असतं) तर मुळात १४९२ च मिळतात, मग एमएसएस १४१२. हे आकडे पाठ करू नका, कागदावर वजाबाकी करा. नोकरीत मला हीच वजाबाकी वेगवेगळ्या रूपात सारखी करावी लागते.

बाकीच्या पद्धतींची तोंडओळख पुरे. सिक्सटूफोरमध्ये आयपीव्ही४ पत्त्यातूनच आयपीव्ही६चा पट्टा तयार व्हायचा: १९२.०.२.४ हेक्समध्ये लिहा, पुढे २००२ जोडा, झाला २००२:सी०००:०२०४. कल्पना देखणी, पण परतीचं पॅकेट कुणाच्या रिलेवरून (दोन्ही नेटवर्क जोडणाऱ्या राउटरवरून) येईल याचा भरवसा नसायचा. त्याचा एनीकास्ट (एकच पत्ता अनेक ठिकाणी असलेला) रिले २०१५ मध्ये अधिकृतपणे मोडीत काढला. टेरेडो नॅट पार करायला यूडीपीचा आधार घ्यायचा. सिक्सआरडी, म्हणजे इंटरनेट कंपनीने स्वतःच्या नेटवर्कात चालवायचं सिक्सटूफोर, मला मनापासून आवडते. रेमी देप्रे यांची ही कल्पना फ्रान्समधल्या फ्री या इंटरनेट कंपनीने २००७ च्या अखेरीस पाच आठवड्यांत ग्राहकांपर्यंत नेली. रिले कंपनीचा स्वतःचा, पट्टाही स्वतःचा, त्यामुळे सिक्सटूफोरचा मोठा दोष तिथेच मिटला.

सुरक्षेबद्दल मात्र घाई नको. टनेल लागला, की आतल्या प्रत्येक मशिनला जगातून गाठता येणारा पत्ता मिळतो. नॅटमुळे आपोआप मिळणारा आडोसा उरत नाही, आणि आयपीव्ही४साठी लिहिलेले फायरवॉलचे नियम आयपीव्ही६ला लागू होत नाहीत. माझ्या प्रिंटरचं सेटिंगचं पान बाहेरच्या नेटवरून उघडलं तेव्हा अंगावर काटा आला होता. टनेलच्या इंटरफेसवर आधी "आत येणारं सगळं बंद" हा नियम लावा, मग लागेल तेवढं उघडा. फक्त "पॅकेट टू बिग" अडवू नका, नाहीतर वरची गोष्ट तुमच्या हातून दुसऱ्याला भोगावी लागेल.

नोकरीसाठी हे जुनं झालं का, असंही विचारतात. सध्या मी डीएस-लाइटच्या नेटवर्कवर काम करते. तिथे रस्ता आयपीव्ही६चा आहे आणि आयपीव्ही४ त्याच्या पोटातून जातं. हेडर ४० बाइटचं, म्हणून १५०० मधून उरतात १४६०. परवा नव्या सहकाऱ्याला कॅप्चर उघडून दिलं. त्याने पहिला बाइट वाचला, ६०. सातव्या बाइटवर, नेक्स्ट हेडरच्या जागी, ०४. मग थोडं खाली जाऊन एक्केचाळिसाव्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "ताई, इथे ४५ आहे."