राउटर बदलला आणि फोटोंचा डबा दिसेनासा झाला? या चुका टाळा

इमारत पुनर्विकासाला गेली की घराबरोबर इंटरनेटची लाइनही बदलते. दादरचे आमच्या ओळखीचे एक काका गेल्या पावसाळ्यात मुलुंडला भाड्याच्या घरात गेले. जुना केबलवाला तिकडे पोचत नव्हता, म्हणून नवं कनेक्शन घेतलं आणि त्याबरोबर नवा राउटर आला. फोन चालू, टीव्ही चालू. पण दोन हार्ड डिस्कचा त्यांचा नॅसचा डबा, म्हणजे घरातल्या सगळ्या यंत्रांना नेटवर्कवरून वापरता येणारा फायलींचा साठा, एकाही कॉम्प्युटरवर दिसेना. मुलीच्या बारशापासूनचे फोटो, काकूंच्या गाण्याच्या बैठकींची रेकॉर्डिंग्ज, घराच्या करारनाम्याचे स्कॅन, सगळं त्यातच. मी पोचलो तेव्हा काकांनी एक डिस्क बाहेर काढून यूएसबीने लॅपटॉपला जोडली होती आणि विंडोज विचारत होतं: ही डिस्क वापरायची तर आधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?

"काका, थांबा! कशालाच हात लावू नका," मी दारातूनच ओरडलो.

डिस्क बाहेर काढू नका

बाकीच्या सगळ्या चुका तासाभरात दुरुस्त होतात. ही होत नाही, म्हणून ती आधी सांगतो.

घरगुती नॅसच्या डब्यात बहुतेक वेळा लिनक्स चालतं. त्यातल्या डिस्क ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस या पद्धतीने लिहिलेल्या असतात, आणि दोन डिस्क असल्या तर त्या रेडच्या (दोन डिस्क एकत्र चालवण्याच्या पद्धतीच्या) जोडीत बांधलेल्या असतात. विंडोजला ही लिपी वाचता येत नाही. वाचता आली नाही की ते डिस्क रिकामी किंवा बिघडलेली समजतं आणि फॉरमॅटचा प्रश्न विचारतं. डिस्क धडधाकट असते. तुम्ही 'हो' म्हटलंत तर मात्र डेटा जातो. असा प्रश्न समोर आलाच तर 'कॅन्सल' करा, डिस्क सुरक्षितपणे काढा, नॅस पूर्ण बंद करा आणि ज्या कप्प्यातून काढली त्याच कप्प्यात परत बसवा.

राउटर बदलल्याने डिस्कवरचं एक अक्षरही हलत नाही. डबा तिथेच असतो, आतला डेटा तसाच असतो. बदललेला असतो तो फक्त नेटवर्कमधला पत्ता, आणि पुढचं सगळं काम त्या पत्त्याचं आहे.

पत्ता कुठे अडकतो

राउटर घरातल्या प्रत्येक यंत्राला एक पत्ता देतो. काकांचा जुना राउटर १९२.१६८.०.१ या पत्त्यावर होता, म्हणून घरातली सगळी यंत्रं १९२.१६८.० ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर होती. नवा राउटर १९२.१६८.१.१ वर आला. जिओच्या घरगुती राउटरवर हाच पत्ता १९२.१६८.२९.१ असतो, असूसच्या बऱ्याच राउटरवर १९२.१६८.५०.१. तिसरा आकडा बदलला की घरगुती नेटवर्कच्या हिशोबाने विंगच बदलली. नॅस अजून ए विंगमध्ये बसलाय आणि लॅपटॉप बी विंगमध्ये बेल वाजवत फिरतोय, अशी अवस्था होते.

नॅसची सेटिंग 'ऑटोमॅटिक', म्हणजे डीएचसीपी असेल तर तो आपणहून नवा पत्ता घेतो. पण त्यासाठी त्याला बदल झाल्याचं कळावं लागतं. नॅस थेट राउटरला न जोडता मध्ये छोटा स्विच असेल तर राउटर बदलताना नॅसची वायर निघतच नाही, आणि तो जुना पत्ता धरून बसतो. अशा वेळी आधी राउटर पूर्ण चालू होऊ द्या, मग नॅस रीस्टार्ट करा. नॅसवरचं पॉवरचं बटण दाबून, दिवे विझेपर्यंत थांबून. भिंतीवरचा स्विच पाडून नाही.

सेटिंग 'स्टॅटिक', म्हणजे हाताने पक्की केलेली असेल, तर रीस्टार्टने काहीही होणार नाही. काकांचं तेच होतं. लॅमिंग्टन रोडवरून डबा घेतला तेव्हा बसवून देणाऱ्या मुलाने १९२.१६८.०.५० हा पत्ता पक्का करून दिला होता. त्या वेळी ते योग्यच होतं.

जुना राउटर घाईने परत करू नका

नवं कनेक्शन आलं की जुना राउटर केबलवाल्याला परत जातो किंवा भंगारात. आठवडाभर तरी थांबा. अडकलेला नॅस सोडवण्याचा सगळ्यात सोपा रस्ता त्या जुन्या राउटरमधूनच जातो, आणि तो फार कमी लोकांना सुचतो. त्यासाठी इंटरनेट लागत नाही. जुना राउटर नुसता विजेला लावा. नॅसची वायर त्यात घाला, लॅपटॉप त्याच राउटरला दुसऱ्या वायरने किंवा त्याच्या जुन्या वायफायने जोडा. जुनं नेटवर्क जसंच्या तसं उभं राहतं आणि नॅस जुन्या पत्त्यावर उघडतो. लॉगिन करून नेटवर्कच्या सेटिंगमध्ये 'स्टॅटिक' काढून 'डीएचसीपी' निवडा, जतन करा, नॅस बंद करा आणि नव्या राउटरला जोडा.

काकांचा जुना राउटर सुदैवाने सामानाच्या खोक्यात, देवघराच्या भांड्यांखाली होता. तो शोधायला अर्धा तास गेला, काम दहा मिनिटांत झालं.

तो हाताशी नसेल तर लॅपटॉप आणि नॅस एकाच वायरने थेट जोडा. लॅपटॉपच्या वायर्ड जोडणीला तात्पुरता १९२.१६८.०.२० असा जुन्या विंगमधला पत्ता द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. मग ब्राउझरमध्ये नॅसचा जुना पत्ता टाका (आकडे अर्थातच इंग्रजीत). काम झाल्यावर लॅपटॉपची सेटिंग पुन्हा 'ऑटोमॅटिक' करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या वेळी वायर लावल्यावर नेट चालणार नाही.

तिसरा रस्ता, नव्या राउटरलाच जुन्या राउटरचा पत्ता द्यायचा. राउटरच्या लॅन सेटिंगमध्ये १९२.१६८.१.१ च्या जागी १९२.१६८.०.१ केलं की नॅस, प्रिंटर, कॅमेऱ्याचा डीव्हीआर, ज्यांचे पत्ते हाताने पक्के केलेत ती सगळी यंत्रं एकदम ताळ्यावर येतात. घरात अशी चार-पाच यंत्रं असतील तर मी हाच रस्ता निवडेन.

रीसेटचं बटण

जुना पत्ताच आठवत नसेल तर नॅसच्या मागचं बारीक छिद्र कामाला येतं, पण मोजून. सिनॉलॉजी कंपनीच्या डब्यात ते साधारण ४ सेकंद, एक बीप येईपर्यंत दाबलं की अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि नेटवर्कची सेटिंग मूळ स्थितीत जाते, फायलींना धक्का लागत नाही. क्यूनॅपमध्ये ३ सेकंदांचा साधा रीसेट हेच करतो, १० सेकंद दाबलं तर त्याहून खोलवरची सेटिंग पुसली जाते. बीप ऐकूनही 'अजून थोडं दाबून बघतो' म्हणू नका. कंपनी वेगळी असेल तर तुमच्या मॉडेलचं पुस्तक आधी वाचा.

नवा पत्ता कोणता मिळाला ते राउटरच्या पानावर जोडलेल्या यंत्रांच्या यादीत दिसतं. तिथे नाव ओळखू आलं नाही तर डब्याच्या खाली किंवा मागे चिकटवलेला त्याचा ओळख क्रमांक, म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस जुळवून पाहा. सिनॉलॉजी असिस्टंट, क्यूफाइंडर प्रो अशी कंपन्यांची शोधयंत्रंही आहेत. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर नॅसला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही. वायर, पोर्ट आणि राउटरची डीएचसीपी सेटिंग तपासा.

दोन राउटर, दोन नेटवर्क

मुंबईत हल्ली हे जास्त दिसतं. फायबरवाला जो डबा बसवतो तो स्वतःच राउटर असतो. त्याचं वायफाय आतल्या खोलीत पोचत नाही म्हणून आपण दुसरा राउटर आणतो, आणि घरात दोन नेटवर्क तयार होतात. नॅस आपल्या राउटरच्या मागे आणि लॅपटॉप कंपनीच्या वायफायवर असला तर दोघांची भेट होत नाही. उलट असलं तरी नॅस यादीत आपोआप दिसत नाही. उपाय सरळ आहे: दुसरा राउटर 'अ‍ॅक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाका, म्हणजे पत्ते वाटणारा एकच राहील.

पाहुण्यांसाठीचं गेस्ट वायफायही असंच मुद्दाम वेगळं ठेवलेलं असतं. लॅपटॉप चुकून त्यावर असेल तर नॅस सापडणार नाही.

विंडोजची यादी अंतिम मानू नका

नवा राउटर म्हणजे विंडोजसाठी अनोळखी नेटवर्क. विंडोज ११ त्याला 'पब्लिक' समजतं आणि आजूबाजूची यंत्रं शोधणं बंद ठेवतं. सेटिंग्जमध्ये त्या नेटवर्कच्या गुणधर्मांत जाऊन 'प्रायव्हेट' करा. तरीही यादीत नॅस आला नाही तर घाबरू नका. एक्स्प्लोररच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे नॅसचा पत्ता टाकून बघा. बऱ्याचदा तो थेट उघडतो. नॅससाठी विंडोजमध्ये जोडून ठेवलेला जुना झेड ड्राइव्ह मात्र जुन्या पत्त्याकडेच बघत राहतो. तो तोडून नव्या पत्त्याने पुन्हा जोडा, आणि विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधला (पासवर्ड साठवण्याच्या जागेतला) जुना पासवर्डही काढा.

राउटरबरोबर लॅपटॉपही नवा असेल तर आणखी एक कारण संभवतं. फार जुने नॅस एसएमबी१ नावाच्या पद्धतीने बोलतात आणि विंडोज १० च्या २०१७ च्या अखेरच्या आवृत्तीपासून ती मुळात बसवलेलीच नसते. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस याच पद्धतीच्या भोकातून पसरला होता, म्हणून ती पुन्हा चालू करण्याऐवजी नॅसमध्ये एसएमबी२ किंवा ३ सुरू करा. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ आवृत्तीत पासवर्डाशिवायची गेस्ट जोडणीही चालत नाही. नॅसवर नाव-पासवर्ड असलेलं खातं बनवा.

बाहेरून बघण्यासाठी दार उघडं टाकू नका

ऑफिसमधून किंवा गावाहून नॅस उघडत असाल तर जुन्या राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला नॅसकडे वळवणारी सेटिंग, त्याच्याबरोबर गेलं. ते पुन्हा करण्याआधी राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता पाहा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल तर कंपनी एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटतेय, आणि फॉरवर्डिंग कितीही वेळा केलं तरी चालणार नाही.

चालत असलं तरी मी करणार नाही. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट नावाच्या खंडणीखोर व्हायरसने इंटरनेटवर थेट उघडे असलेले क्यूनॅपचे डबे गाठून लोकांच्या फायली कुलूपबंद केल्या होत्या. टेलस्केलसारखं व्हीपीएन, म्हणजे फक्त तुमच्या यंत्रांमधला खासगी रस्ता, वापरा. ते वाटलेल्या पत्त्यामागूनही चालतं आणि दार उघडं ठेवावं लागत नाही.

जोडला, पण बॅकअप?

नॅस दिसायला लागला की लोक उठतात. अजून दोन कामं राहिलेली असतात. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमध्ये नॅसच्या मॅक अ‍ॅड्रेससाठी एक पत्ता राखून ठेवा. काकांच्या घरी आम्ही १९२.१६८.१.५० ठेवला आणि मार्करने डब्यावरच्या पट्टीवर लिहिला. पत्ता नॅसमध्ये हाताने पक्का करायचाच असेल तर गेटवे आणि डीएनएस हे इंटरनेटचा रस्ता दाखवणारे पत्तेसुद्धा नव्या राउटरचे लिहा. ते जुने राहिले तर घरात फोटो उघडतात, पण नॅसचं घड्याळ, अपडेट आणि डिस्क बिघडल्याची सूचना देणारा ईमेल बंद पडतो.

दुसरं काम म्हणजे फोन आणि लॅपटॉपचे बॅकअप. त्यांना जुना पत्ता भरलेला असतो आणि ते बहुतेक वेळा आवाज न करता थांबतात. काकूंच्या फोनमधलं अ‍ॅप उघडलं तेव्हा शेवटचा बॅकअप घर बदलायच्या आदल्या रात्रीचा निघाला. जुन्या घरातल्या शेवटच्या दिवसाचे, बांधाबांधीचे, गच्चीवर जमलेल्या शेजाऱ्यांचे सगळे फोटो फक्त त्या एका फोनमध्ये होते. नवा पत्ता भरला, फोन चार्जिंगला लावला. सकाळी काकूंचा मेसेज आला: "सगळे चढले."