पावसाआधी शेड बांधताय? पहिला दिवस खांबांचाच ठेवा

पावसाच्या तोंडावर शेळ्यांची शेड काढली की सगळ्यांना एकाच दिवसात खांब, वासे, पत्रे सगळं उरकायचं असतं, पण माझं ऐकाल तर पहिला दिवस फक्त खांबांचा. सिमेंटमध्ये रोवलेल्या खांबावर त्याच संध्याकाळी पत्र्याचं वजन आणि वारा आला की तो हलतो, आणि एकदा ढिला झालेला खांब नंतर कितीही पाचर ठोकली तरी पहिल्यासारखा बसत नाही.

सकाळी धार, वैरण, पाणी नेहमीच्याच वेळेला करा, शेडची कितीही घाई असली तरी. जनावरं कामाच्या जागेपासून लांब सावलीत बांधा आणि दुपारचं पाणीही तेव्हाच भरून ठेवा, नंतर सगळ्यांचे हात सिमेंटने भरलेले असतात आणि तेवढंच काम राहून जातं.

स्वयंपाकाचं म्हणाल तर एक-दोन पदार्थांवर भागवा, बांधकामाच्या दिवशी चुलीपाशी असणाऱ्या माणसाचे हाल कोणी बघत नाही. सकाळी शिजवलेलं दुपारी उशिरापर्यंत ठेवू नका, उन्हाळ्यात शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत खाऊन संपलेलं बरं. भाताला तर जास्तच जपा, त्यातले काही जंतू शिजवूनही टिकून राहतात आणि त्यांनी नंतर केलेलं विष परत गरम करूनही जात नाही.

आता खांब. एका शेळीला साधारण 10 चौरस फूट धरून जागा आखा. कोपरा काटकोनात आहे का बघायला एका दोरीवर 3 फुटांवर खूण, दुसरीवर 4 फुटांवर, दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 फूट भरलं की झालं. खांबाचा साधारण तिसरा हिस्सा जमिनीत जाईल एवढा खड्डा घ्या, तळाला खडी टाकून चोपा, खांब उभा करून दोन बाजूंनी ओळंबा लावा आणि माल ओतायच्या आधी टेकू द्या, ओतल्यावर सरळ करत बसू नका. माल अर्ध्या तासात संपेल एवढाच कालवा, घट्ट झालेल्यात पाणी घालून परत वापरला तर ताकद जाते. ओला सिमेंट कातडी जाळतो, म्हणून हातमोजे आणि बूट घालाच. नंतर आठवडाभर रोज पाणी मारा, गोणपाट ओलं करून गुंडाळलं तर अजून चांगलं, मगच पत्रे. पत्र्याचे हुक नळीच्या उंच भागावर घ्या, खोलगटात घेतले की तिथूनच गळतं.

एक गोष्ट मात्र बहुतेक जण सोडून देतात. संध्याकाळी खिळे, तारेचे तुकडे गोळा करणं. गाय वैरण न चावताच गिळते, त्याबरोबर तारही जाते आणि पोटाच्या दुसऱ्या कप्प्यात अडकून बसते, तिथून हृदय अगदी जवळ आहे, तार टोचत टोचत तिथपर्यंत गेली तर जनावर वाचवणं फार अवघड. जुन्या स्पीकरचं मॅग्नेट दोरीला बांधून सगळ्या जागेवरून हळूहळू ओढा, मातीत दबलेले खिळे वर येतात, आणि पत्रे चढवून झाल्यावर हेच परत करा, मगच शेळ्या आत सोडा.