ब्लेंडरमधल्या पेयांसाठी माचा निवडताना

माचा म्हणजे हिरव्या चहाच्या पानांची बारीक पूड. डब्यावरच्या ‘सेरेमोनियल’ (चहा-समारंभासाठीचा) किंवा ‘क्युलिनरी’ (स्वयंपाकासाठीचा) या शब्दांवर भिस्त ठेवू नका. त्यांची कायद्याने ठरलेली व्याख्या नाही. आधी घटकांची यादी वाचा. तिथे फक्त चहाची पानं हवीत. साखर किंवा दूध पावडर असेल तर ते तयार मिश्रण. त्यात माचा किती, हे कळत नाही.

मग रंग. सावलीत वाढलेल्या कोवळ्या पानांचा माचा टवटवीत हिरवा असतो. पिवळट किंवा शेवाळी छटा म्हणजे जून पानं, नाहीतर हवा-उजेड लागून शिळी झालेली पूड. दूध घातल्यावर हा फिकेपणा आणखी उघडा पडतो. चिमूटभर पूड बोटांत चोळा: टाल्कम पावडरीसारखी मऊ लागली पाहिजे. खरखरीत पूड ग्लासच्या तळाशी बसते.

सर्वांत महाग माचा मात्र इथे वाया जातो. त्याची नाजूक गोडी दूध, केळं आणि बर्फाखाली दबते. मधल्या दर्जाचा, किंचित कडसर माचा घ्या. त्याची चव टिकते.

२५० मिलिलिटर पेयाला ३ ग्रॅम पुरे. पूड गाळून ३० मिलिलिटर, ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या पाण्यात आधी घोटा, मगच ब्लेंडरमध्ये ओता. कोरडी पूड थेट बर्फावर टाकली की गुठळ्या होतात.

३० ग्रॅमचाच डबा घ्या आणि उघडल्यावर महिना-दीड महिन्यात संपवा. फ्रिजमधून काढलेला डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर आत दव धरतं.