ससा न वापरता डोळ्याची जळजळ तपासायची कशी? बडोद्यातल्या छोट्या लॅबसाठी

मकरपुरा जीआयडीसीत हँडवॉश-फिनाइल बनवणारे आपले लोक असोत नाहीतर एम.फार्मच्या प्रोजेक्टवाली पोरं, प्रश्न एकच येतो, हे लिक्विड चुकून डोळ्यात गेलं तर काय होणार आणि ते ससा न धरता कळणार कसं. जुनी पद्धत म्हणजे ड्रेझ नावाच्या संशोधकाची, १९४४ पासूनची, पांढऱ्या सशाच्या एका डोळ्यात ०.१ मिली टाकायचं, दुसरा डोळा तसाच ठेवायचा आणि गरज पडली तर २१ दिवसांपर्यंत बघत बसायचं. कॉस्मेटिकसाठी भारतात २०१४ पासून प्राण्यांवर टेस्ट बंदच आहे, पण फिनाइल किंवा फ्लोअर क्लीनर कॉस्मेटिकमध्ये येत नाही, म्हणून तिथे लोकांना अजून वाटतं की ससा लागतोच. बहुतेक वेळा नाही लागत.

सगळ्यात आधी पीएच मीटर काढा. पीएच २ किंवा त्याखाली, नाहीतर ११.५ किंवा त्यावर असेल तर तो माल डोळ्याला गंभीर इजा करणारा असं धरूनच चालतात, कॉस्टिकवाल्या ड्रेन क्लीनरसाठी खाली दिलेली अंड्याची टेस्ट करत बसण्यात काही अर्थ नाही. मग प्रत्येक कच्च्या मालाची सेफ्टी डेटा शीट वाचा. अर्ध्या लोकांचं काम इथेच संपतं, खरंच.

पीएच मधला असेल तर घरच्या घरी, म्हणजे आपल्याच लॅबमध्ये, पहिली चाळणी म्हणून अंड्याची टेस्ट करा, तिला हेट-कॅम म्हणतात. कोंबडीच्या फलित अंड्यात कवचाच्या आत रक्तवाहिन्यांचा जो पातळ पडदा असतो त्यावर तुमचा माल टाकायचा आणि ५ मिनिटं बघायचं. दुकानातली अंडी चालत नाहीत हं, ती फलित नसतात, हॅचरीतूनच आणावी लागतात, व्हाइट लेगहॉर्नची, ५० ते ६० ग्रॅमची. आणि मे महिन्यात आणणार असाल तर पहाटे निघा, बडोद्याच्या उन्हात गाडीत अंडी तापली की गर्भ रस्त्यातच वाढायला लागतो आणि मग तुमचे दिवस मोजणं सगळं गडबडतं.

इनक्युबेटर ३७.५ ते ३८ अंशांवर, आत ओलावा ६० टक्क्यांच्या आसपास. आठव्या दिवसापर्यंत अंडी फिरवत राहायची, मग रुंद बाजू वर करून स्थिर ठेवायची. नवव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून बघा, रक्तवाहिन्या दिसत नसतील ती बाजूला काढा. हवेच्या पोकळीची कड पेन्सिलने आखायची आणि वरची टोपी डेंटिस्टच्या छोट्या कटरने कापायची, हात जड असेल तर आधी फालतू अंड्यांवर सवय करा. आतला पांढरा पापुद्रा कोमट ०.९ टक्के सलाइनने ओला करायचा, सलाइन ओतून टाकायचं आणि चिमट्याने पापुद्रा अलगद सोलायचा. इथे एखादी वाहिनी फुटली तर ते अंडं बाद, त्याचा आकडा धरायचाच नाही.

आता ०.३ मिली माल टाका आणि स्टॉपवॉच चालू. मोबाइल स्टँडवर लावून व्हिडिओ घ्या, नुसत्या डोळ्यांनी सेकंद पकडण्यावर दोन माणसांचं कधी जमत नाही. तीन गोष्टींची वेळ लिहायची, रक्तस्राव कधी सुरू झाला, वाहिन्या विरघळून दिसेनाशा कधी झाल्या, आणि प्रोटीन गोठून पांढरट कधी झालं. गणित असं: ३०१ मधून रक्तस्रावाचा सेकंद वजा करा, ३०० ने भागा, ५ ने गुणा. वाहिन्या विरघळण्याला तेच पण ७ ने, गोठण्याला ९ ने, आणि तिन्हीची बेरीज. जे झालंच नाही त्याचा शून्य. समजा रक्तस्राव २० व्या सेकंदाला आणि विरघळणं ६० व्या, गोठलं नाही, तर ४.६८ अधिक ५.६२ म्हणजे १०.३. ०.९ पर्यंत काही नाही, १ ते ४.९ सौम्य, ५ ते ८.९ मध्यम, ९ ते २१ तीव्र. म्हणजे हा माल तीव्रमध्ये गेला.

प्रत्येक मालाला किमान तीन अंडी, शिवाय सलाइनची वेगळी, आणि १ टक्का एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, शॅम्पूतला फेस आणणारा पदार्थ) व ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडची वेगळी, हे दोन्ही जळजळ करतातच म्हणून तुलनेला. सलाइनच्या अंड्यात काही दिसलं किंवा एसडीएसच्या अंड्यात काहीच दिसलं नाही तर त्या दिवसाचे सगळे आकडे फेकून द्या, थीसिसची तारीख कितीही जवळ असली तरी. फेसवॉश-शॅम्पू न पातळ करता टाकलात तर बहुतेक तीव्रच येणार, ही टेस्ट जरा जास्तच घाबरट आहे, म्हणून १० टक्के द्रावणही सोबत लावा. काम झालं की अंडी लगेच डीप फ्रीजरला आणि मग जैव कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत, डस्टबिनमध्ये नाही.

पण अंड्याच्या टेस्टला ओईसीडीची (टेस्टच्या पद्धती ठरवून देणारी आंतरराष्ट्रीय संघटना) स्वतंत्र गाइडलाइन नाही, त्यामुळे हा आकडा आपल्या फॉर्म्युला ए चांगला की बी यासाठी वापरा, लेबलवर किंवा एक्सपोर्टच्या कागदावर तो चालवू नका. त्यासाठी बाहेरच्या लॅबकडे जायचं आणि तिथे तुम्हाला नक्की काय सिद्ध करायचंय ते आधी ठरवायचं, कारण 'गंभीर इजा होते' आणि 'काहीच होत नाही' यांचे मार्ग उलट्या टोकांनी सुरू होतात.

गंभीरच्या बाजूने सुरू करायचं तर पुस्तकात ओईसीडीची गाइडलाइन ४३७ पहिली दिसेल, गायीबैलाच्या डोळ्याची कॉर्निया काढून ती किती धुरकट होते आणि रंग किती झिरपू देते ते मोजायचं. स्कोअर ५५ च्या वर गेला तर गंभीर, ३ किंवा खाली तर काही नाही, मधलं काहीच सांगत नाही. पण गुजरातमध्ये गोवंश हत्येला बंदी आहे, २०१७ पासून तर जन्मठेपेपर्यंत शिक्षा, तेव्हा इथे ताजे डोळे शोधण्याच्या भानगडीत पडूच नका. त्याऐवजी ४३८ विचारा, कोंबडीचा डोळा, खाण्यासाठी कापलेल्या कोंबडीचं डोकं दोन तासांत लॅबला पोचलं की झालं, ३० मायक्रोलिटर माल फक्त १० सेकंद लावून धुतात आणि ४ तास सूज नि धुरकटपणा बघतात. अल्कोहोलवाल्या मालाला मात्र ही टेस्ट उगाच बदनाम करू शकते, सॅनिटायझरवाल्यांनी हे लक्षात ठेवा.

'काही होत नाही' दाखवायचं असेल तर ४९२, माणसाच्या पेशींपासून वाढवलेला कॉर्नियासारखा टिश्यू. त्यातल्या एपिऑक्युलर नावाच्या तयार टिश्यूमध्ये लिक्विड ५० मायक्रोलिटर, ३० मिनिटं, आणि शेवटी ६० टक्क्यांहून जास्त पेशी जिवंत तर पास. ६० किंवा खाली आलं तर नापास झालात असं नाही, फक्त यावरून पास म्हणता येत नाही. टिश्यू नाशवंत असतो, तो पार्सलमध्ये अडकला की गेलाच, म्हणून मोठ्या सुट्ट्यांच्या तोंडावर ऑर्डर नको. माल गडद रंगाचा असेल किंवा एमटीटीला (जिवंत पेशींत जांभळं होणारं रसायन, त्यावरूनच जिवंत पेशी मोजतात) स्वतःच जांभळं करत असेल तर ते लॅबला आधीच सांगा, वेगळे कंट्रोल लावावे लागतात, नाहीतर मेलेल्या पेशीसुद्धा जिवंत दिसतात.

कोटेशन मागताना ईमेलमध्ये गाइडलाइनचा नंबर लिहा, लॅबच्या जीएलपी (कामाच्या दर्जाच्या) सर्टिफिकेटमध्ये ही टेस्ट येते का विचारा, आणि पॉझिटिव्ह कंट्रोलचे, म्हणजे इजा होतेच अशा ठरलेल्या नमुन्याचे, मागचे आकडे मागा. ते द्यायला कां-कूं करत असतील तर दुसरी लॅब बघा.