नेटवर्कबाहेरच्या वाटेवर गाड्यांच्या ताफ्यात वॉकीटॉकी कसा वापरावा

भोरहून महाडकडे उतरणाऱ्या वरंधा घाटात एका पावसाळी सकाळी आमच्या पाच गाड्या चालल्या होत्या. धुके दाट होते, मोबाईलचे नेटवर्क केव्हाच गेले होते आणि पुढच्या गाडीतून वॉकीटॉकीच्या संचावर फक्त "…वीकडे घ्या" एवढेच ऐकू आले. बोलणाऱ्याने बटण दाबता दाबताच बोलायला सुरुवात केल्यामुळे वाक्याचा आरंभ कापला गेला होता. 'डावीकडे' की 'उजवीकडे' हे कळायला मार्ग नव्हता, आणि एका बाजूला दरी होती. सगळे जागीच थांबलो, पुन्हा विचारले, म्हणून निभावले. संच निवडण्यात जेवढा वेळ जातो, त्याच्या दुप्पट वेळ त्यावर बोलायचे कसे हे ठरवण्यात घालवावा, असे माझे मत तेव्हापासून पक्के झाले आहे.

तरीही पहिली पायरी संचाचीच. भारतात ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी शक्तीचे वॉकीटॉकी परवान्याशिवाय वापरता येतात. मात्र त्या मॉडेलला दूरसंचार खात्याच्या वायरलेस शाखेची मान्यता, म्हणजे ईटीए, असावी लागते. खरेदीपूर्वी विक्रेत्याकडे ईटीए प्रमाणपत्र मागावे आणि पट्टा कोणता आहे ते खोक्यावर वाचून घ्यावे. बाजारात स्वस्तात मिळणारे, हवी ती फ्रिक्वेन्सी लावता येणारे पाच वॅटचे संच परवान्याशिवाय वापरणे बेकायदा आहे, आणि अमेरिकेतल्या नातेवाइकाने हौसेने आणलेले संचही इथे चालत नाहीत, कारण तिथला खुला पट्टा ४६२ ते ४६७ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. ज्यांना अधिक पल्ला हवा असेल त्यांनी हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओ-चालकांच्या परवान्याची, परीक्षा द्यावी. परवाना मिळाल्यावर १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा पट्टा खुला होतो, पण तिथे दोन्ही टोकांना परवानाधारकच हवेत. सॅटेलाइट फोन किंवा उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे सरकारी परवानगीशिवाय जवळ बाळगणेसुद्धा गुन्हा ठरू शकते, म्हणून लडाख-स्पितीच्या सामानात ती कोणाच्या सांगण्यावरून टाकू नयेत.

खोक्यावर लिहिलेल्या दहा किलोमीटरच्या पल्ल्यावर विसंबू नये. या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेतच जातात. सपाट माळावर दीड मीटर उंचीवरून क्षितिज सुमारे साडेचार किलोमीटरवर असते, आणि घाटात तर एका वळणाआडची गाडी चारशे मीटरवर असूनही ऐकू येईनाशी होते. धुके आणि पाऊस त्यांना फारसे अडवत नाहीत. डोंगराची सोंड अडवते. त्यामुळे मागची गाडी दिसेनाशी झाली की वेग कमी करावा, हा नियम संच असला तरी सोडू नये. संच गिअरजवळच्या खणात पडून असेल तर गाडीचा पत्रा लहर अडवतो, म्हणून तो काचेजवळ, अँटेना उभी ठेवून धरावा.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळे संच एकत्र आणून एकाच चॅनलवर लावावेत. चॅनलबरोबर जो 'प्रायव्हसी कोड' असतो, त्याच्या नावावर जाऊ नये. त्याने आपले बोलणे गुप्त राहत नाही. तोच कोड न लावलेल्यांचा आवाज आपल्या संचावर तेवढा बंद होतो. एकाचा कोड चुकला की त्याचे बोलणे कोड बंद असलेल्यांना ऐकू येते, पण त्याला कोणाचेच येत नाही, आणि हा घोळ रस्त्यात लक्षातही येत नाही. सगळ्यांनी कोड बंद ठेवणे उत्तम. आवाजावर आपोआप सुरू होणारी व्हॉक्सची सोयही बंद करावी, नाहीतर इंजिनाच्या घरघरीने चॅनल अडून बसतो. मुख्य चॅनलवर गर्दी झाल्यास कुठे जायचे, तो राखीव चॅनल तेव्हाच ठरवून कागदावर लिहावा.

आता बोलण्याची पद्धत. बटण दाबावे, मनात 'एक' म्हणावे आणि मगच बोलावे. बोलून झाल्यावर क्षणभराने बटण सोडावे. गाड्यांना क्रमांक द्यावेत, सर्वांत पुढची एक आणि शेवटची पाच, आणि हाक मारताना आधी समोरच्याचा, मग आपला क्रमांक घ्यावा: "गाडी एक, गाडी तीन बोलतेय, ओव्हर." उत्तर आल्याशिवाय मुख्य निरोप सांगू नये. आपल्या भाषेत काही शब्द रेडिओवर फार फसवतात. सात, साठ आणि आठ खरखरीत एकसारखे वाटतात; एकोणपन्नास आणि एकोणसाठ तर विचारूच नका. म्हणून आकडे सुटे सुटे वाचावेत, 'चार, नऊ' असे, आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवावेत. दिशा सांगताना डावी-उजवी न म्हणता 'दरीच्या अंगाला' किंवा 'डोंगराच्या अंगाला' म्हणावे. हे शब्द अर्धे कापले गेले तरी कळतात. 'थांबा' हा शब्द फक्त खऱ्या थांबण्यासाठी राखून ठेवावा. "चहाला थांबायचं का" असली चर्चा वाहत्या वाटेवर नकोच. शक्यतो बोलण्याचे काम चालकाऐवजी शेजारी बसलेल्याने करावे.

पुढच्या गाडीने धोका दिसताच, तो ओलांडायच्या आधी, सांगावे. "समोरून एसटी येतेय, मागे दोन गाड्या" एवढे पुरते. ओढा ओलांडताना एका वेळी एकच गाडी पाण्यात असावी आणि पलीकडे पोचलेल्याने "गाडी दोन पार" असे म्हटल्यावरच पुढचीने उतरावे. मधली गाडी दुवा असते: एकचा निरोप पाचपर्यंत पोचत नसेल तर तीनने तो शब्दशः पुढे सांगावा, आपल्या शब्दांत नव्हे.

संपर्क तुटला तर पहिल्या सुरक्षित रुंद जागी थांबून दर पाच मिनिटांनी हाक मारावी, आणि पंधरा मिनिटांत उत्तर न आल्यास पुढच्यांनी मागे फिरावे. हे आकडे माझ्या गटाचे आहेत, आपले आधीच ठरवून घ्यावेत. अपघात झाल्यास या चॅनलवर पोलीस किंवा रुग्णवाहिका ऐकत नसते हे लक्षात ठेवून, एका गाडीने नेटवर्क मिळेल अशा खिंडीपर्यंत जाऊन ११२ वर फोन करावा आणि खाली थांबलेल्यांनी संच चालू ठेवावा. थंड प्रदेशात बॅटरी लवकर बसते, म्हणून सुटी बॅटरी जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवावी. डांबरी रस्त्याला लागल्यावर पुढच्या गाडीने एक ते पाच हजेरी घ्यावी, आणि पाचचे उत्तर कानांनी ऐकेपर्यंत कोणीही संच बंद करू नये.