वैद्यकीय इच्छापत्र कसे करावे

आपण बेशुद्ध असताना व्हेंटिलेटर लावायचा की नाही, हा प्रश्न आयसीयूच्या दाराशी उभ्या असलेल्या मुलांना विचारला जातो, आणि बाबांची इच्छा काय होती हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नसते. हा भार त्यांच्यावर पडू नये, यासाठी आपली इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निकालाने मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची किचकट प्रक्रिया बरीच सोपी केली. पूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि मन:स्थिती ठीक असलेल्या कोणालाही हे इच्छापत्र स्वेच्छेने करता येते. मालमत्तेच्या मृत्युपत्राशी त्याचा संबंध नाही. शिवाय, इंजेक्शन देऊन मरण घडवून आणण्याची मागणी त्यात करता येत नाही, कारण ते भारतात बेकायदाच आहे. येथे प्रश्न फक्त निरुपयोगी ठरलेले उपचार थांबवण्याचा किंवा सुरूच न करण्याचा असतो.

लिहायला बसण्यापूर्वी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन व्हेंटिलेटर, डायलिसिस, नळीने अन्न देणे आणि बंद पडलेले हृदय पुन्हा सुरू करण्याचे प्रयत्न यांत रुग्णाला नेमके काय सोसावे लागते, हे समजून घ्यावे. मगच मजकूर लिहावा, आणि तो नि:संदिग्ध असावा, कारण संदिग्ध इच्छापत्र रुग्णालयातील डॉक्टरांचे वैद्यकीय मंडळ अमलात आणत नाही. ‘मला त्रास देऊ नये’ एवढ्याने काहीच ठरत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘माझा आजार बरा होण्याची आशा उरली नसेल आणि मी स्वतः निर्णय घेऊ शकत नसेन, तर मला व्हेंटिलेटर लावू नये, लावला असल्यास काढावा, वेदना कमी करणारे उपचार मात्र शेवटपर्यंत चालू ठेवावेत.’ हे शेवटचे वाक्य कोणीही गाळू नये, असे मला कळकळीने वाटते, कारण उपचार थांबवणे म्हणजे रुग्णाला वाऱ्यावर सोडणे नव्हे.

यानंतर आपल्या वतीने बोलणारी माणसे निवडावी लागतात. एकापेक्षा अधिक पालक (गार्डियन) किंवा जवळचे नातेवाईक नेमता येतात. थोरला मुलगा म्हणून त्याचेच नाव घालण्याची आपल्याकडे रीत आहे. पण ज्याला आईची नळी काढा असे म्हणणे कधीच जमणार नाही, त्याच्यावर हे ओझे टाकू नये. परगावाहून आलेल्या काका-मामांनी ‘सगळे करा, पैशांकडे बघू नका’ असा आग्रह धरला, तरी जी सून किंवा धाकटी बहीण शांतपणे कागद पुढे ठेवील, तिचे नाव घालावे. नाव घालण्याआधी तिला समोर बसवून सविस्तर बोलावे आणि तिचा होकार घ्यावा. अशुभ नको म्हणून घरोघरी हेच बोलणे टाळले जाते, आणि मग सहीशिक्क्याचा कागद असूनही घरात वाद होतात.

सही दोन साक्षीदारांसमोर करावी, ते शक्यतो त्रयस्थ असावेत, आणि त्यानंतर नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून कागद साक्षांकित करून घ्यावा. एकेक प्रत नेमलेल्या व्यक्तींना व फॅमिली डॉक्टरांना द्यावी. आणखी एक प्रत महानगरपालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची असते. तो ती प्रत जपून ठेवणारा अभिरक्षक नेमतो. मूळ कागद बँकेच्या लॉकरमध्ये ठेवू नये. रात्री दोन वाजता लॉकर उघडत नाही.

प्रत्यक्ष वेळ आली, की उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षांचा अनुभव असलेले किमान दोन तज्ज्ञ यांचे प्राथमिक मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देते, नंतर दुसरे मंडळ ते तपासते आणि अंमलबजावणीपूर्वी न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवले जाते. मंडळाने नकार दिल्यास उच्च न्यायालयात जाता येते.

इच्छापत्र केव्हाही लेखी स्वरूपात बदलता किंवा रद्द करता येते. तसे केल्यास ज्यांच्या हाती जुनी प्रत आहे, त्या प्रत्येकाकडून ती परत मागून घ्यावी आणि नवी द्यावी.