टोरांटो-नायगरा एकट्यानं फिरताय? या चुका टाळा

पाठीवर सॅक टाकून एकट्यानं पहिल्यांदा परदेशी निघालेल्या माणसाला टोरांटो आणि नायगरा ही जोडी फार सोयीची आहे. भाषा अडत नाही, बस-गाड्या भरपूर, शाकाहारी जेवणही सहज मिळतं. तरी इथून हिरमुसून परतणारे पुष्कळ असतात. कारण बहुतेकदा एकच: सगळे दिवस शहराला वाटून टाकायचे आणि उरलेल्या एखाद्या दुपारी ‘नायगरा उरकून यायचं’. माझं स्पष्ट मत आहे की आखणी याच्या उलट हवी. आधी धबधब्याचा दिवस पक्का करा, मग शहर त्याच्या मागेपुढे बसवा. टोरांटो पावसातही बघता येतं. नायगराला वार, ऋतू आणि घड्याळ या तिन्हींचा हिशेब असतो.

चूक: पाणी चोवीस तास सारखंच पडतं असं समजणं

ही गोष्ट फार थोड्या पर्यटकांना ठाऊक असते. नायगरा नदी ईरी सरोवराचं पाणी ऑन्टारिओ सरोवरात नेते, आणि धबधब्याच्या वरच्या अंगाला कॅनडा व अमेरिका दोघंही त्यातलं बरंचसं पाणी विजेसाठी वळवतात. किती वळवायचं हे १९५० च्या करारानं ठरलं आहे. १ एप्रिल ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी ८ ते रात्री १०, आणि १६ सप्टेंबर ते ३१ ऑक्टोबर या काळात सकाळी ८ ते रात्री ८, धबधब्यावरून सेकंदाला किमान एक लाख घनफूट पाणी सोडावंच लागतं. बाकीच्या वेळी, म्हणजे रात्री आणि सगळा हिवाळा, ही मर्यादा निम्मी, पन्नास हजार घनफुटांची आहे. कर्नाटकातल्या जोग धबधब्याला लिंगनमक्कीच्या धरणानं काय होतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे लगेच कळेल. फरक इतकाच की इथे नायगरा कधी कोरडा पडत नाही, आणि पर्यटकांच्या वेळा करारातच लिहून ठेवल्या आहेत.

म्हणून उन्हाळ्यात रात्री धबधब्यावर सोडतात ते रंगीत दिवे बघायचे असतील तर दहाच्या आत बघून घ्या. दहानंतर दिवे असले तरी त्यामागची धार तीच असेल याची खात्री नाही.

दुसरा हिशेब उन्हाचा. कॅनडाचा काठ नदीच्या पश्चिमेला आहे. सकाळी सूर्य तुमच्या तोंडासमोर असतो, फोटो पांढरट येतात. दुपार कलली की ऊन पाठीमागून येतं आणि समोरच्या तुषारांत इंद्रधनुष्य उमटतं. दुपारी तीनची परतीची गाडी धरणाऱ्यांचं नेमकं हेच हुकतं. सकाळी लवकर पोचायचं, गर्दी वाढायच्या आत धबधब्याजवळ नेणाऱ्या बोटीची फेरी करायची, दुपार कठड्याशी निवांत घालवायची, दिवे बघायचे आणि मग निघायचं. धावपळ न करता पूर्ण दिवस यालाच जातो.

चूक: नावावरून बुकिंग करणं

नदीच्या दोन्ही काठांवर नायगरा फॉल्स नावाचंच शहर आहे, एक ऑन्टारिओत आणि एक न्यूयॉर्क राज्यात. स्वस्त हॉस्टेल शोधताना नकाशा न उघडता पैसे भरले की खोली अमेरिकेत निघते. तिसरं नाव नायगरा-ऑन-द-लेक. ते देखणं जुनं गाव आहे, पण धबधब्यापासून सुमारे वीस किलोमीटरवर. बुकिंगच्या पानावर ‘नायगरा फॉल्स, ऑन्टारिओ’ असं दिसेपर्यंत पैसे भरू नका.

त्यालाच जोडून दुसरी गोष्ट. दोन्ही काठांना जोडणारा रेनबो ब्रिज पायी ओलांडता येतो, त्यामुळे ‘जरा पलीकडे जाऊन येऊ’ असं वाटतं. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा असला तरी पलीकडच्या टोकाला अमेरिकेचा वेगळा व्हिसा लागतोच. तो असेल तर अमेरिकेच्या बाजूच्या गोट आयलंड या बेटावर जरूर जा, तिथे पाणी अगदी हाताशी येतं. मात्र परत येताना कॅनडात पुन्हा प्रवेश मिळण्यासारखा आपला व्हिसा आहे ना, हे पुलावर पाऊल ठेवण्याआधी तपासा. अमेरिकेचा व्हिसा नसेल तर अजिबात हळहळू नका. तिन्ही धबधबे (हॉर्सशू, अमेरिकन फॉल्स आणि ब्रायडल व्हेल) समोरून दिसतात ते कॅनडाच्याच काठावरून.

चूक: स्टेशन म्हणजे धबधबा

टोरांटोच्या युनियन स्टेशनवरून गो ट्रान्झिट या सरकारी सेवेची रेल्वेगाडी नायगरा फॉल्सपर्यंत जाते. दोन-सव्वादोन तासांहून थोडा जास्तच वेळ धरा. शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी अमर्याद प्रवासाचा स्वस्त डे पास ऑनलाइन मिळतो. त्याचा दर १० डॉलर आहे, तरी काढताना ताजा आकडा बघून घ्या. तिकीट फोनवर येतं आणि गाडीत चढण्याआधी ते सुरू करावं लागतं. तपासनीस समोर उभा असताना नेट शोधत बसायची वेळ आणू नका. टोरांटोतल्या टीटीसीच्या बस-मेट्रोला हा पास चालत नाही.

दरेक गाडी थेट जात नाही. काही वेळा बर्लिंग्टनला उतरून १२ नंबरची गो बस घ्यावी लागते. वेळापत्रकात ही बदली आहे का, हे आदल्या रात्री बघितलं की सकाळी गोंधळ होत नाही. ओळखीच्या घरी टोरांटोशेजारच्या मिसिसागाला उतरला असाल तर युनियनला उलटं जाऊ नका. लेकशोअर वेस्ट मार्गावरचं पोर्ट क्रेडिट स्टेशन मिसिसागातच आहे. तुमची गाडी तिथे थांबते ना, एवढं पाहा.

आणि नायगरा फॉल्स स्टेशनवर उतरल्यावर समोर धबधबा नसतो. असते एक शांत, जुनाट गल्ली. मोठा हॉर्सशू धबधबा तिथून जवळपास चार किलोमीटरवर आहे. वीगो नावाच्या बस थेट नेतात, वेळ कमी असेल तर त्याच घ्या. पण हवा चांगली असेल आणि पाठीवर ओझं नसेल तर चालत जा, असंच मी सांगेन. स्टेशनपासून काही मिनिटांत नदीचा काठ लागतो. खाली खोल घळ, तळाशी हिरवट पाणी. कडेच्या पायवाटेनं पुढं जाताना आधी नुसती घरघर ऐकू येते. रेनबो ब्रिज मागे पडला की डाव्या हाताला अमेरिकन फॉल्स उघडतो आणि त्याच्या पायाशी पडलेले प्रचंड दगड दिसतात. त्याला चिकटून बारीकसा ब्रायडल व्हेल. मग पुढच्या वळणावर हॉर्सशूचे तुषार आभाळात चढलेले दिसतात. हॉर्सशूच्या अगदी कडेला असलेल्या टेबल रॉक या जागी पोचलात की कठड्याला टेकून काठावरून कोसळणारं पाणी नीट बघा. अगदी कडेला ते काचेसारखं हिरवं, सलग असतं आणि वाकताक्षणी पांढरं होतं. उंची ५७ मीटर. जोगच्या २५३ मीटरपुढे आकडा लहान वाटतो, पण इथे पाणी सुमारे ६७० मीटर लांबीच्या काठावरून एकदम येतं.

चूक: भिजणं फक्त बोटीत असतं

कॅनडाच्या बाजूची बोट लाल पॉन्चोवाली (पॉन्चो म्हणजे डोक्यावरून घालायचा पातळ रेनकोट), अमेरिकेच्या बाजूची निळ्या पॉन्चोवाली. दोन्ही हॉर्सशूच्या पोटात जवळपास सारख्याच जागी जातात, त्यामुळे एकच पुरे. पॉन्चो गुडघ्यापर्यंत असतो, म्हणजे बूट आणि मोजे भिजणारच. सॅकमध्ये मोज्यांचा कोरडा जोड आणि फोनसाठी झिपची पिशवी ठेवा. वारा फिरला तर टेबल रॉकच्या फुटपाथवरही मुसळधार पावसात उभं राहिल्यासारखे भिजता. मोठी सॅक मात्र टोरांटोच्या हॉस्टेलातच ठेवून या.

हिवाळ्यात बोट बंद असते. त्याऐवजी तिकीट काढून ‘जर्नी बिहाइंड द फॉल्स’ ही लिफ्टनं खाली उतरून भुयारातून जायची सोय वर्षभर असते. जुन्या वीजकेंद्रातलं ६७१ मीटर लांबीचं भुयारही आता लोकांसाठी खुलं आहे, आणि मला ते बोटीइतकंच आवडतं, कारण गर्दी कमी आणि शेवटी थेट नदीच्या पातळीवर येता. थंडीत तुषार कठड्यावर आणि वाटेवर गोठतात, बुटांना पकड नसेल तर जाऊ नका.

एकट्यानं जाणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. फोटोसाठी दगडी कठड्यावर बसू किंवा चढू नका. पलीकडे सरळ कडा आहे. शेजारच्या एखाद्या कुटुंबाला फोन द्या, त्यांचा फोटो तुम्ही काढा, तुमचा ते काढतील.

फोन आणि पैसे

काठावर उभं राहिलं की फोन बऱ्याचदा पलीकडचा अमेरिकन टॉवर पकडतो आणि रोमिंगचा भुर्दंड बसतो. नायगराला उतरताच नेटवर्कची आपोआप निवड बंद करा, स्वतःचं कॅनडाचं नेटवर्क हातानं निवडा. नकाशा आधीच डाउनलोड केलेला असावा.

किंमतीच्या पाटीवर कर धरलेला नसतो. ऑन्टारिओत १३ टक्के एचएसटी वर पडतो, बसून जेवलात तर टिप वेगळी. धबधब्याजवळच्या क्लिफ्टन हिल या पर्यटकांच्या रस्त्याच्या आसपास काही ठिकाणी पर्यटन शुल्क अशा नावाची आणखी एक ओळ बिलात असते. ती दिसली तर शांतपणे विचारा, काढता येईल का. बरेचदा काढतात. शहरातूनच ठेपले, सँडविच, पाण्याची बाटली घेऊन गेलात तर हा प्रश्नच येत नाही. कार्ड मशीननं रुपयांत पैसे घ्यायचे का विचारलं, तर कॅनेडियन डॉलरच निवडा.

टोरांटोत

विमानतळावरून युनियनला जाणारी यूपी एक्सप्रेस २५ मिनिटांत पोचवते. घाई नसेल तर टीटीसीची ९०० नंबरची बस किपलिंग मेट्रो स्टेशनला नेते, आणि तेही साध्या टीटीसी तिकिटात. चढताना कार्ड टॅप केल्यापासून दोन तास त्याच भाड्यात बस, ट्राम, मेट्रो बदलता येते. यूपी आणि गोच्या गाड्यांत कार्डानं गेलात तर उतरतानाही टॅप करायलाच हवं, नाहीतर जास्तीचं भाडं कापलं जातं.

सीएन टॉवरच्या तिकिटाला पैसे जड वाटत असतील तर फेरीनं टोरांटो आयलंड्सवर जा. ५५३ मीटरच्या टॉवरसकट सगळं शहर समोर दिसतं, आणि माझ्या मते तो देखावा वरून बघण्यापेक्षा सरस आहे. सेंट लॉरेन्स मार्केट सोमवारी बंद असतं.

तरीही बिनसलंच तर

परतीची शेवटची गाडी चुकली तर स्टेशनवर ताटकळू नका. समोरच्या बस टर्मिनलवर टोरांटोची खासगी बस आहे का बघा, १२ नंबरच्या गो बसनं बर्लिंग्टन आणि तिथून गाडी जमते का बघा. तेही नसेल तर रात्रीपुरतं हॉस्टेल गाठा आणि टोरांटोच्या हॉस्टेलला फोन करून सॅक सांभाळायला सांगा. घरी मेसेज टाकताना लक्षात असू द्या की उन्हाळ्यात टोरांटो भारताच्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा.

पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांत तक्रार, मग टोरांटोतला भारतीय वाणिज्य दूतावास. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानांचे फोटो ईमेलवर असले तर दोन्हीकडचं काम सोपं होतं. अपघात किंवा आजारपणात ९११ लावा. इथला दवाखान्याचा खर्च परदेशी पाहुण्याला सगळा स्वतः भरावा लागतो, म्हणून प्रवास विम्याचा पॉलिसी नंबर फोनमध्ये आणि कागदावर, दोन्हीकडे लिहून ठेवा.